ते ‘खंय’ कुठे गेलं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज इंग्रजीतल्या काही शब्दांबद्दल बोलायचंय. अलेज्ड, अलेजेडली, रिपोर्टेडली, पर्पोर्टेड, सो-कॉल्ड. घरी इंग्रजी पेपर येत असेल तर यातले दोन-तीन पहिल्या पानावरच भेटतात. पुढे जे सांगितलंय ते अजून सिद्ध झालेलं नाही, हे वाचणाऱ्याला बजावण्यासाठी ते असतात. गोष्ट खोटी आहे असं ते म्हणत नाहीत. पुन्हा सांगतो, खोटी आहे असं नाही; सिद्ध व्हायची आहे, एवढंच.

या शब्दांची किंमत मला एका म्हाताऱ्या माणसाने शिकवली. त्याला इंग्रजीचा गंधही नव्हता.

गोवा घटकराज्य झालं त्याच साली, १९८७ च्या पावसाळ्यात, मी पणजीत एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून नुकताच लागलो होतो. रात्रपाळीला पोलिसांच्या इंग्रजी पत्रकांवरून बातम्या करायच्या. एका रात्री त्यात एक बस कंडक्टर आला. म्हापशाहून येणाऱ्या बसमध्ये एका बाईंच्या पिशवीतली सोन्याची पाटली त्याने काढून घेतली, अशी तक्रार होती. पत्रकात स्वच्छ ‘अलेजेडली’ होतं. मीही नीट लिहिलं, ‘कंडक्टरने पाटली लांबवली, असा आरोप आहे.’ पान लावताना मजकूर दोन ओळी जास्त झाला. मी वाक्यांची शेपटं छाटली. ‘असा आरोप आहे’ गेलं आणि ‘कंडक्टरने पाटली लांबवली’ तेवढं राहिलं. खाली त्याचं नाव, वय, गाव.

आपल्याकडच्या कंडक्टरांबद्दल मला फार आदर आहे, तेही जाता जाता सांगतो. पाय ठेवायला जागा नसलेल्या बसमध्ये कोण कुठे उतरणार हे त्यांना पाठ असतं. म्हातारीची मासळीची पाटी आधी खाली घेतील, मग तिला हात देतील. त्यांचं कौतुक कुणी करत नाही, ते व्हायला हवं.

तर तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कंडक्टरचा बाप कचेरीत आला. दिवाडीहून फेरीबोटीने जुने गोवे, तिथून बसने पणजी. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. छत्री दाराबाहेर उभी केली आणि सदऱ्याच्या आतून दुधाची रिकामी पिशवी काढली. तिच्यात चार घड्या घातलेलं कात्रण होतं, कोरडं ठणठणीत. स्वतः भिजला होता, पण कात्रणाला थेंब लागू दिला नव्हता. ते माझ्या टेबलावर पसरून त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“पुता, हें तुवें बरयलां?”

हे मीच लिहिलंय का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, “हय.”

“तूं त्या बशींत आशिल्लो?”

“ना.”

“मागीर तुवें पळयलें कशें?”

मग मी पाहिलं कसं, याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आवाज न चढवता तो पुढे म्हणाला, “आमच्या वाड्यार लोक सांगतात, ‘पाटली घेतली खंय.’ तुज्या पेपरांत तें ‘खंय’ खंय गेलें?”

श्रोतेहो, कोंकणीतलं ‘खंय’ तुम्हाला सांगायला नको. ‘कुठे’ तेही खंय आणि ‘म्हणे’ तेही खंय. वाड्यावर पाठीमागे कुजबुजणाऱ्यांनीसुद्धा जो शब्द सोडला नव्हता, तो मी छापताना गाळला होता.

मुलगा निर्दोष होता का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला नाही, पोलिसांना नाही, बापालाही नाही. मुद्दा तोच आहे. ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं छापलं.

आता हे असं का होतं ते बघा. इंग्रजीत ‘अलेजेडली’ बहुधा क्रियापदाच्या आधी येतं, वाक्याच्या पोटात. मराठीत ‘म्हणे’, ‘असा आरोप आहे’ हे शेवटी येतं, आणि कात्री शेवटालाच लागते. म्हणून मराठीत संशय आधी मांडावा: ‘पोलिसांत आलेल्या तक्रारीनुसार...’ तक्रार कुणाची, हेही त्यातच कळतं.

आपल्या भाषांना हे भान फार जुनं आहे. बोलणाऱ्याने डोळ्यांनी न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीने क्रियापदाचं वेगळं रूपच सांगितलं, ‘परोक्षे लिट्’. इंग्रजी क्रियापदाला तशी सोय नाही, म्हणून तिथे हे सुटे शब्द लागतात.

आणि ते सगळे सारखे नाहीत. ‘अलेज्ड’ आरोपाला लागतं. ‘रिपोर्टेडली’ म्हणजे कुणीतरी तसं कळवलंय. ‘सो-कॉल्ड’ मात्र जपून वापरा, त्यात हिणवणं आहे. आपलं ‘तथाकथित’ही तसंच, ‘तथाकथित विद्वान’ म्हटलं की त्याच्या विद्वत्तेचा निकाल लागलाच. निकाल द्यायचा नसेल तर ‘कथित’ म्हणा. तेही योग्य जागी. दुकान फुटलेलं सगळ्यांनी पाहिलंय, तर चोरी ‘कथित’ नाही. पकडलेला माणूस कथित चोर. आणि ‘संशयिताने दुकान फोडलं’ असं तर लिहूच नये. फोडणारा तो चोरच. संशयित म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तो. ‘अलेजेडली’ लिहिलं की बदनामीच्या खटल्यातून सुटलो, असंही कुणी समजू नये.

शब्दकोश मात्र छापील घ्या हो, घरात एक तरी. मोबाईलवर हवा तो शब्द सापडतो, पण त्याच्या शेजारचा दिसत नाही, आणि भाषा अर्धी शेजारच्या शब्दांतूनच कळते.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात आला. तेव्हापासून छापलेल्या अक्षराचा इथे मोठा दरारा. ‘पेपरात आलंय’ म्हटलं की वाद संपला. म्हणूनच तो बाप पावसात दोन वाहनं बदलून आला. वाड्यावरच्या कुजबुजीसाठी तो घराबाहेरही पडला नसता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, मूळ बातमी होती त्याच पानावर, त्याच जागी. आठवड्याने माझ्या नावे दिवाडीहून पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळकरी पोराचं, घरच्या कुणाकडून लिहवून घेतलेलं. दोनच शब्द होते: ‘खंय मेळ्ळें.’

नमस्कार.