घाई कुणाची? माणसाची की आठ-बाराच्या लोकलची?

[दादरचा पूल, सकाळची गर्दी. आवाज हळूहळू कमी होतो. निवेदिका कॅमेऱ्यासमोर.]

गेल्या मंगळवारी या पुलाच्या पायऱ्यांवर एका आजींची पिशवी फाटली. कांदे-बटाटे गडगडत खाली गेले. मी पाहिलं आणि तशीच पुढे निघाले, कारण पश्चिम रेल्वेवरून मध्यवर जाऊन मला आठ-बाराची फास्ट पकडायची होती. गाडी मिळाली. पण घाटकोपर येईपर्यंत मनात एकच प्रश्न होता. मी अशी कधीपासून झाले?

रविवारी तीच पिशवी फाटली असती तर मी खाली बसून एकेक कांदा वेचला असता, हे मला नक्की माहीत आहे. मग खरी मी कुठली, मंगळवारची की रविवारची?

हाच प्रश्न जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये तपासला होता. त्यांचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत, खाली मान घालून बसवलेला होता. काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, तुम्हाला उशीर झालाय, पळा. काहींना सांगितलं होतं, अजून वेळ आहे. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के जण मदतीला थांबले. उशीर झालेल्यांपैकी फक्त १० टक्के. आणि निम्म्या जणांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची! विषयाने फारसा फरक पडला नाही, पडला तो घाईने.

आपण मात्र लगेच स्वभावावर घसरतो. 'मुंबईची माणसं कोरडी.' 'तो मेला तापटच.' माणसाची परिस्थिती सोडून त्याच्या स्वभावाला बोल लावायची ही खोड इतकी सार्वत्रिक आहे, की ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली तिला वेगळं नावच देऊन टाकलं.

तापट म्हटलं की मला माझे आजोबा आठवतात. संगमेश्वरहून आलेले, लालबागच्या चाळीत राहणारे, गिरणीत साच्यावर काम करणारे. पाळ्या तीन. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, आणि रातपाळी बारा ते सात. पाळी ठरावीक दिवसांनी बदलायची. रातपाळी असली की भर दुपारी चाळीतली पोरं गॅलरीतून चवड्यांवर चालायची, कुकरची शिट्टी व्हायच्या आत आजी स्टोव्ह बारीक करायची. कुणाची बादली आपटली तर आजोबा असे काही ओरडायचे, की अख्ख्या मजल्याने त्यांचं नाव 'भडकू' ठेवलं होतं. माझ्या वडिलांच्या डोक्यातही तेच बसलं: बाबा तापट होते.

आता हे बघा. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं, ते शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ कसं चालतं, हे शोधून काढल्याबद्दल. झोप कधी यावी, अंगातली उष्णता कधी उतरावी, कुठला स्राव कधी वाढावा, हे ते घड्याळ ठरवतं आणि मुख्यतः उजेडावर स्वतःला जुळवून घेतं. रातपाळीचा माणूस सकाळी सातला गिरणीच्या दारातून उन्हात बाहेर पडतो तेव्हा शरीर म्हणतं, दिवस उजाडला, आणि तो म्हणतो, मला झोपायचंय. काही दिवसांनी शरीर थोडं सरावतं न सरावतं, तोच पाळी बदलते. वर्षानुवर्षं अपुरी झोप. गिरणी बंद झाल्यावर, गावच्या ओटीवर बसलेल्या ज्या आजोबांना मी ओळखते, त्यांचा आवाज कधी चढलेला मला आठवत नाही. माणूस तोच होता, फक्त आता रात्री झोपत होता. हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि भिंतीवरचं, कामाचं घड्याळ या शहराने मुकाट्याने स्वीकारलं, असंही नाही. १९०६ च्या १ जानेवारीपासून देशासाठी एकच प्रमाणवेळ आली. ती 'मुंबई टाइम'पेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. म्हणजे नव्या घड्याळात सहा वाजले, तरी जुन्या हिशेबाने पाच एकवीसच झालेले. त्याच महिन्यात इथल्या गिरणी कामगारांनी या वेळेविरुद्ध काम बंद केलं. शहरात जुनी वेळ पुढे कित्येक दशकं टिकून राहिली. ३९ मिनिटांसाठी एवढं? हो. ती अंधारात उठायची ३९ मिनिटं होती.

[मढचा किनारा. बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील.]

आता इथे या. इथलं घड्याळ चंद्राचं आहे.

डोल जाळं समुद्रात रोवून ठेवतात. पाणी जोरात वाहिलं तर बोंबील, जवळा त्यात वाहत येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद आणि जाळ्यात मासळी कमी. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आज पहाटे तीनला निघालेली होडी उद्या चारच्या सुमारास निघणार. नऊ ते सहाच्या माणसाला हे बाहेरून कसं दिसतं? 'हे लोक दुपारी झोपलेले असतात.' माझी एक मैत्रीण इथली. कॉलेजात तिला प्राध्यापक आळशी म्हणायचे. ती पहाटे आईबरोबर मासळी निवडून, वाटे करून मग बस पकडायची. मला याचा आजही राग येतो.

मग येते आगोट, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचे दिवस. मे महिन्यात सुकट, सोडे, बोंबील यांची बेगमी घराघरांत भरते, आणि लालबागच्या मिरची गल्लीत मसाले कांडायची गर्दी उसळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. जी माणसं दहा महिने एकमेकांना जाता-येता दिसतात, ती दोन महिने एकाच ओसरीवर जाळी शिवत बसतात. मैत्रीण म्हणते, "आमच्याकडची भांडणं पण पावसाळ्यात निघतात आणि सोयरिकी पण पावसाळ्यातच जुळतात." कारण तेव्हा बोलायला वेळ असतो. बंदी १ ऑगस्टला उठते, पण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात न जाणारी घरं अजून आहेत.

ऋतू आणि मन हा विषय निघाला की परदेशी लेखांत हिवाळ्यातल्या उदासीचं वर्णन असतं. तिथे उजेड कमी होतो, म्हणून. मुंबई १९ अंशांवर आहे, इथला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा. आपला ऋतू उजेडाचा कमी, पाण्याचा जास्त. इथे मन बदलतं ते रुळांवर पाणी चढतं तेव्हा.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. माझी आई अंधेरीच्या ऑफिसातून चालत निघाली आणि ती रात्र तिने माहीमला एका अनोळखी घरात काढली. त्या बाईंनी तिला कोरडी साडी दिली, गरम भात वाढला. आईच्या मते त्या बाई रोज तिच्यासारखीच गाडी पकडणाऱ्या, रोज तिच्यासारख्याच धक्के मारत डब्यात शिरणाऱ्या.

याला लोक 'मुंबईचं स्पिरिट' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. त्या पावसाने शेकडो माणसांचा जीव घेतला, आणि स्पिरिटचं कौतुक सुरू झालं की नाले का तुंबले हा प्रश्न मागे पडतो. दुसरं म्हणजे, तो चांगुलपणा त्या एका दिवशी आभाळातून पडला नव्हता. तो रोज होताच. त्या दिवशी पकडायला गाडी नव्हती, एवढंच.

पुढच्या वेळी स्टेशनवर 'पाणी भरल्याने वाहतूक ठप्प' अशी घोषणा झाली, की फोन खिशात ठेवा आणि प्लॅटफॉर्म बघा. पहिली दहा मिनिटं सगळे घड्याळ बघतात, इंडिकेटर बघतात, चिडतात. मग कुणीतरी घरी फोन करून सांगतं, उशीर होईल. त्यानंतर खांदे खाली येतात. बाकड्यावरचा माणूस सरकून जागा करतो. आणि कुणाची तरी पिशवी उघडते, आत चिवडा असतो, आणि ती पिशवी शेजारच्यापुढे केली जाते.