‘होऊन जाईल’ हे लेखी घ्या

(नोकरदार महिलांसमोर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आज या सभागृहात मिहान या उद्योग-क्षेत्रातल्या आयटीवाल्या आहेत, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या आहेत, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांमधल्या सिस्टर आहेत, बँकेतल्या आणि शाळेतल्याही आहेत. कामं वेगळी असली तरी मला सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. नोकरीत जे महत्त्वाचं बोललं जातं ते कागदावर आणा. पद, पगार, जबाबदारी, रजा, तक्रार, सगळं.

मी बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआर विभागात होते, बढतीच्या बैठकांना बसले आहे. तिथे कोण किती राबलं हे कुणाला आठवत नाही. समोर फाइल असते आणि ती उघडली जाते. बाई कितीही गुणी असो, फाइलमध्ये तिच्या कामाची ओळ नसेल तर चर्चा दोन मिनिटांत पुढच्या नावावर जाते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं, म्हणून एवढ्या कळकळीनं बोलते आहे.

आपल्या नागपूरच्या ऑफिसांत आपलेपणा भरपूर. साहेब ताई म्हणतात, डबा वाटून खातात, घरच्या लग्नाला येतात. मला हे मनापासून आवडतं. पण पगारवाढीचं विचारलं की उत्तर येतं, “होऊन जाईल नं ताई, टेन्शन काऊन घेता?” मग पुढे बोलायचा संकोच होतो. आपल्याच माणसाकडे लेखी मागायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा तो माणूस खोटंही बोलत नसतो. त्याची पुण्याला बदली होते आणि त्याच्यासोबत त्याचा शब्दही जातो.

हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात एक ताई होत्या. सुपरवायझर सोडून गेला तेव्हा “सध्या तुम्हीच बघून घ्या” असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी पाहिलं. शिफ्ट लावल्या, नव्या मुलींना शिकवलं, ग्राहकांचे ऑडिट पार पाडले. पद मात्र जुनंच आणि पगारही जुनाच. पुढे ती जागा भरायची वेळ आली तेव्हा बाहेरून एक मुलगा आला, कारण त्याच्या अर्जात ‘सुपरवायझर म्हणून अनुभव’ लिहिलेला होता आणि ताईंच्या फाइलमध्ये तसा एक शब्दही नव्हता.

त्यांनी काय करायला हवं होतं? जबाबदारी मिळाली त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल. ‘सर, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे १ तारखेपासून मी दुसऱ्या शिफ्टच्या तपासणीची जबाबदारी घेते आहे. तीन महिन्यांनी पदनाम आणि वेतनाचा आढावा घ्यायचं ठरलं आहे. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.’ यात भांडण नाही, उर्मट शब्द नाही. शेवटचं वाक्य मात्र सोडू नका. उत्तर आलं नाही, तरी त्या दिवशी काय ठरलं याची तारखेसह नोंद राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं असेल तरी नंतर मेल करा, कारण फोन बदलतो, ग्रुप बंद होतो. एक खबरदारी घ्या: कंपनीची गोपनीय माहिती स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका, ते तुमच्यावरच उलटेल. त्याऐवजी एक डायरी ठेवा. महिन्याच्या शेवटी काय पूर्ण केलं, किती वेळ किंवा पैसा वाचवला, कोणत्या ग्राहकानं काय कळवलं, एवढं लिहा. अप्रेझलचा फॉर्म भरताना ‘आम्ही केलं’ न लिहिता आपला वाटा वेगळा लिहा.

पाहुणे आले की पुष्पगुच्छ द्यायला मुली, दिवाळीला रांगोळीला मुली, मीटिंगचं इतिवृत्त लिहायलाही मुली. पहिल्या दोन कामांना पाळी लावा, सगळ्यांनी करावीत. इतिवृत्ताबद्दल माझं मत वेगळं आहे, पुष्कळ जणींना ते पटत नाही. ते काम टाळू नका. कोणी काय कबूल केलं हे तुमच्या हातानं लिहिलं जातं. खाली आपलं नाव टाका, सर्वांना पाठवा आणि त्या कामाची दखलही मागा.

लेखी मागणी करणं हे कुठून तरी बाहेरून आलेलं नाही. याच शहरात २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. हजारो बाया आल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणींना स्वतःला लिहिता येत नसेल, पण त्यांच्या मागण्या ठराव म्हणून लिहिल्या गेल्या. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी, २० वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळावं. आकडे घालून मागितलं त्यांनी! ‘आमच्याकडे लक्ष द्या’ म्हणून थांबल्या नाहीत. मुलाखतीत पगाराचं विचारताना आपणही आकडा सांगावा. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, कितीही मोठा दाखवला तरी हातात किती येणार, पीएफ कशावर कापणार, हे ऑफर लेटरवर बघून मगच होकार द्या.

कायदा आपल्याला काय देतो ते थोडं सांगते. मातृत्व रजा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहे. अट एवढीच की प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं असावं. कंत्राटावर आहात म्हणून हा हक्क जात नाही. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि जाण्याआधी कामाचं हस्तांतरण तुमच्या नावानं लिहून ठेवा. परत आल्यावर “आता हे काम दुसऱ्याकडे आहे” असं ऐकवलं जातं. तेव्हा तो कागद दाखवता येतो.

मिहानमधल्या मुलींसाठी: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती दिली तर तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची. “वर्धा रोडच्या चौकात सोडतो, तिथून पाच मिनिटं तर आहे” हे चालणार नाही. असं घडलं तर दुसऱ्याच दिवशी ट्रान्सपोर्टला मेल करा, तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर घालून.

आता ज्या कागदाबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं त्याबद्दल. बाया कधी काही लिहीत नाहीत, आणि लिहितात तेव्हा राजीनामा लिहितात. कारण काय देतात? ‘घरगुती कारणास्तव’. असे कितीतरी कागद माझ्या हातून फाइलला लागले. मागे बोलावं तेव्हा कळायचं की वरिष्ठाची नजर वाईट होती, कुणाचा पगार दोन वर्षं अडवला होता, कुणाला बाळंतपणानंतर खुर्चीच दिली नाही. सासरच्यांना काही कळू नये, गावात चर्चा नको, पुढच्या नोकरीला अडचण नको म्हणून त्यांनी खरं कारण गिळलं. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दोन शब्दांनी कंपनी मोकळी होते आणि पुढे तक्रार केलीच, तर तुमचीच सही तुमच्यासमोर ठेवली जाते. राजीनामा द्यायचाच असेल तर कारण लिहू नका, नाहीतर खरं लिहा. खोटं कारण स्वतःच्या हातानं लिहू नका.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर आधी राजीनामा देऊ नका. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागणी केलीत तर तुमची किंवा त्याची बदली, किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते. ही मागणी करता येते हेच पुष्कळ जणींना माहीत नसतं, आणि त्या रोज त्याच माणसासमोर बसत राहतात.

पीएफबद्दल दोन वाक्यं. लग्न ठरलं, नोकरी सोडली, पीएफ काढला, हे आपल्याकडे सर्रास होतं. तो काढू नका, नव्या नोकरीत ट्रान्सफर करा, कारण मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी मोजली जाते. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर आधार, पॅन आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तिन्हीकडे एकच नाव ठेवा. मधलं नाव आणि आडनाव बदलल्यामुळे दावे अडकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

प्रश्नांच्या चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी इतवारीतल्या दुकानात काम करणाऱ्या मुलीची आहे. दुकानात सहाच माणसं, समिती कुठून आणायची? दुसरीनं आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंबद्दल विचारलं आहे. दोघींसाठी उत्तर एकच. १० पेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईसाठी तुमचं घर हेच कायद्यानं कामाचं ठिकाण आहे, तिलाही हीच समिती. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. पहिल्यांदा तिच्यासोबत तुम्ही जा, एकटीला पाठवू नका. तिला लिहिता येत नसेल तरी अडणार नाही, तक्रार लिहून घ्यायला मदत करणं हे कायद्यानं समितीचंच काम आहे. लिहिलेलं तिला वाचून दाखवायला सांगा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.