पाण्यात कोण कोण आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वैशाखात गोव्यात आमच्या पेडण्याच्या घरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा एक मुलगा आला होता. विहिरीचं पाणी त्यानं पेल्यात घेतलं, पेनासारखा मीटर बुडवला आणि आकडा मला दाखवला. नऊशे चाळीस. "काकी, हे पाणी पिऊच नका," तो म्हणाला. मी विचारलं, "नऊशे चाळीस काय?" तो म्हणाला, "टीडीएस." म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. "पण कुठले क्षार?" यावर तो गप्प झाला.

त्याचा दोष नव्हता. त्या मीटरलाच ते ठाऊक नसतं. पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच तो मोजतो आणि त्यावरून अंदाज देतो. जत्रेत माणसं किती आली ते मोजावं, तसं. त्यात पाहुणे किती आणि पाकीटमार किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि पाण्याबद्दल "किती" हा प्रश्न सगळे विचारतात, "कोण" हा कुणीच विचारत नाही, ही माझी जुनी खंत आहे. आज त्या "कोण"विषयी बोलायचं आहे.

माझं आजोळ आगरवाड्याचं. नावातच आगर आहे, मिठाचं आगर. शापोरा नदीच्या काठी आजोबा मिठागरात राबायचे. दिवाळीनंतर पावसाळ्यात साचलेलं पाणी उपसायचं, चिखल तुडवून तळ घट्ट करायचा, बांध लिंपायचे आणि भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. लहानपणी मला वाटायचं, पाणी नुसतं वाळवतात. रसायनशास्त्र शिकल्यावर कळलं की आजोबा पाण्यातले क्षार एकेक करून वेगळे काढत होते. ऊन लागून पाणी आटत गेलं की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम आणि सल्फेट यांचा क्षार. मूळच्या पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की खाण्याचं मीठ धरू लागतं. मॅग्नेशियमचे क्षार मात्र शेवटपर्यंत पाण्यातच राहतात, आणि ते कडू असतात. म्हणून आजोबा वाफा कधीच कोरडा पडू देत नसत. बोट बुडवून चाखायचे आणि म्हणायचे, आता ओढा. त्या कडू पाण्याला मागे ठेवून मीठ ओढून काढणं, यातच सगळी कारागिरी होती. या मिठाचं मोल इंग्रजांनीही ओळखलं होतं. १८७८ सालच्या करारानं त्यांनी गोव्यातल्या मिठाचं उत्पादन आणि व्यापार आपल्या ताब्यात घेतला, आणि १८९२ पर्यंत तो करार चालला.

उन्हाला मात्र वेळ लागतो, आणि पाणी उडून जातं. आपल्याला तर पाणीच हवं आहे. मग पाणी न आटवता त्यातला नेमका एकच क्षार बाहेर काढता येईल का?

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात, धन भार असलेला सोडियम आणि ऋण भार असलेला क्लोराइड. अशा भारित कणांना आयन म्हणतात. आता एक पातळ प्लास्टिकची चादर डोळ्यांसमोर आणा, जाडी मिलिमीटरहूनही कमी. तिच्या अंगात ऋण भाराचे गट पक्के बसवलेले आहेत, हलू न शकणारे. अशी चादर धन आयनांना आत घेते आणि ऋण आयनांना बाहेरच अडवते. धन गट बसवलेली चादर नेमकं याच्या उलट वागते. हीच आयन विनिमय पटलं. हे असं का होतं, त्याचं गणित फ्रेडरिक डोनन या रसायनज्ञानं १९११ साली मांडलं.

खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेलं शेत, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. ती मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ओहोटीला मानशीचं दार आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं, भरतीला बाहेरच्या रेट्यानं आपोआप मिटतं. राखणदार उभा नसला तरी दाराला ठाऊक असतं, कुणाला जाऊ द्यायचं. फरक एवढाच, मानस रेट्याची दिशा ओळखते आणि पटल भार ओळखतं.

अशी दोन्ही प्रकारची पटलं आलटून पालटून रचायची, मधल्या फटींतून मचूळ पाणी सोडायचं आणि दोन टोकांना वीज जोडायची. धन आयन एका टोकाकडे धावतात, ऋण आयन दुसऱ्याकडे. एका फटीतलं पाणी गोडं होत जातं, शेजारच्या फटीत खारेपणा साचतो. याला इलेक्ट्रोडायलिसिस म्हणतात. आरओ यंत्रात पाणी दाबानं पटलातून ढकलतात आणि जवळजवळ सगळेच क्षार मागे राहतात. इथं पाणी पटल ओलांडत नाही, ओलांडतात ते क्षार. जेवढे क्षार काढायचे तेवढीच वीज लागते, म्हणून थोड्या मचूळ पाण्याला हा मार्ग परवडतो. समुद्राचं पाणी पिण्याजोगं करायचं असेल, तर आरओच बरं.

इथवर फक्त धन आणि ऋण एवढीच निवड झाली. खरी अडचण पुढे आहे. सोडियम धन, मॅग्नेशियमही धन, कॅल्शियमही धन. यांच्यातून एकटा सोडियम कसा उचलायचा? साधं पटल तर उलटंच करतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर दुप्पट भार असतो, म्हणून पटल त्यांनाच अधिक जवळ ओढतं. आपल्याला जे पाण्यात ठेवायचं, तेच आधी निघून जातं.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. ऋण भाराच्या पटलावर, फक्त वरच्या अंगाला, धन भाराचा अगदी पातळ थर द्यायचा. एकेरी भाराच्या सोडियमला हा थर थोडाच अडवतो, सोडियम निसटून आत जातो. दुहेरी भाराचा मॅग्नेशियम मात्र जोरानं मागे लोटला जातो. शिवाय मॅग्नेशियमभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट बिलगलेले असतात. तो आवरण घेऊन फिरतो, आणि ते उतरवायला सोडियमच्या सुमारे पाचपट ऊर्जा लागते. पटलाची वाट अरुंद केली की हे आवरण तिथं अडतं. अर्थात वाट अरुंद केली की सोडियमचाही वेग मंदावतो. निवड चोख हवी तर वेग सोडावा लागतो. ही ओढाताण अजून कुणाला पुरती सुटलेली नाही.

हे सगळं केवळ प्रयोगशाळेतलं नाही. जपानात खनिज मीठ जवळजवळ नाही आणि पाऊस भरपूर, त्यामुळे मिठागरं अवघड. त्यांनी समुद्राचं पाणी अशाच पटलांतून घट्ट करून मीठ करायला सुरुवात केली, आणि १९७२ पर्यंत तिथलं समुद्री मिठाचं उत्पादन या पद्धतीवर गेलं. एकेरी भार निवडणारी पटलं त्यांना लागली ती जिप्समच्या भीतीनं. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र घट्ट झाले की पटलांवर दगडासारखा थर चढतो. आजोबांच्या वाफ्यात जे जिप्सम आपोआप खाली बसायचं, तेच यंत्राचा गळा दाबतं. आपल्याकडे भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था १९५४ पासून आहे, आणि मचूळ पाणी गोडं करणाऱ्या पटलांवर तिथं बरंच काम झालं आहे.

याहून अवघड जोड्याही आहेत. चंद्रपूर, यवतमाळ भागातल्या भूजलात फ्लोराइड सापडतं. आपल्या मानकांप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. खतांमुळे विहिरीत नायट्रेट उतरतं, त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. फ्लोराइड, नायट्रेट आणि क्लोराइड, तिघेही एकेरी ऋण भाराचे. इथं भारावरून ओळख पटत नाही. मग पाण्याशी कुणाची किती सलगी, हे पाहावं लागतं. नायट्रेट पाण्याला सैल धरतं, म्हणून पाणी कमी शोषणारं पटल त्याला अधिक सहज वाट देतं. फ्लोराइड पाण्याला घट्ट धरून बसतं, ते काढणं जास्त जिकिरीचं.

त्या मुलाकडून यंत्र मी घेतलं नाही. पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि प्रत्येक आयनाचा वेगळा आकडा मागितला. कागद आला तेव्हा नायट्रेट नगण्य होतं, फ्लोराइडही. सोडियम आणि क्लोराइड खूप चढलेले, मॅग्नेशियम थोडं. म्हणजे उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरली आणि खाडीचं पाणी जमिनीखालून आत आलं होतं. दीड महिना पिण्यापुरतं नळाचं पाणी वापरलं, विहिरीचा पंप दिवसातून एकदाच चालवला. मिरग लागला, चार दिवस पाऊस कोसळला, खाजनाची मानस भरून वाहू लागली. आषाढात पुन्हा बाटली भरून नेली. क्लोराइड उतरलं होतं, आणि कॅल्शियम होतं तिथंच होतं.

नमस्कार.