मे महिन्याचा रेडिएटर

(सोलापुरातल्या एका उन्हाळी व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी मला 'संगणकतज्ज्ञ' करून टाकलं. मी पॉलिटेक्निकमध्ये उष्मागतिकी शिकवायचो. निवृत्तीनंतर पोरं आपापले कॉम्प्युटर घेऊन घरी यायला लागली, एवढंच. पत्रिकेत विषय छापलाय 'डेस्कटॉपसाठी कस्टम वॉटर कूलिंग लूपचं नियोजन', म्हणजे पंप, नळ्या आणि उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर स्वतः जोडून संगणक फिरत्या पाण्याने गार करायचा. त्यावर येतोच. आधी मला एक गोष्ट सांगायचीय, कारण ती बाहेर कोणी सांगत नाही आणि घरात आता कोणी ऐकत नाही. (हशा)

यूट्यूबवर लूप बांधायचे व्हिडिओ बघा. खोली असते २२ अंशांची. तिथला माणूस स्वेटर घालून नळ्या वाकवत असतो. आपण ते बनियनवर बसून बघतो आणि त्याच्याच यादीबरहुकूम सामान मागवतो.

पाणी थंड करत नाही, मंडळी. पाणी हमाल आहे. प्रोसेसरवरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपाशी नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. हमाल मात्र तगडा. वजनाला वजन धरलं तर हवेच्या चौपट उष्णता उचलतो, घनफळाने मोजलं तर जवळपास साडेतीन हजार पट. पण रेडिएटरपाशी ती उष्णता उतरवून घेणार कोण? खोलीतली हवा. म्हणजे बंद लूपमधलं पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. कितीही पैसे घाला, कितीही रंगीत दिवे लावा. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीचं तर बोलायलाच नको.

त्यावरून आमच्या भाच्याची गोष्ट सांगतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गच्चीवर पत्र्याची खोली, तेच त्याचं ऑफिस. लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात, त्यामुळे काम सगळं मे महिन्याच्या दुपारचं. मशीन तापलं की वेग आपोआप कमी करतं, रेंडर, म्हणजे शेवटचा व्हिडिओ तयार होणं, लांबतो, तिकडून नवरीच्या बापाचे फोन. शेवटी पोराने ठरवलं, वॉटर कूलिंग करायचं. हे ऐकल्याबरोबर आमची आक्का जिन्यातूनच ओरडली, "चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतंय, आन् तू कॉम्प्युटरला पाजतोस व्हय बे?" (हशा) तिला समजवायला अख्खी संध्याकाळ गेली. अगं, लूपमध्ये सगळं मिळून लिटरभर पाणी. एकदा भरलं की तेच फिरत राहतं, वर्षाने बदलायचं. तिचं म्हणणं, "मग शिळं पाणी की ते!" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाच्याने सामान एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराकडून मागवलं. नाव घेत नाही, घेतलं तर तुम्ही उद्या तिथंच फोन कराल. ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसतो आणि ज्याच्या आतून पाणी फिरतं तो ठोकळा, आला तांब्याचा, निकेलचा मुलामा दिलेला, उत्तम. रेडिएटर आला अ‍ॅल्युमिनियमचा. भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही चकचकीतच की ओ." मी दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम म्हणजे तुम्ही बॅटरी तयार करताय. पाणी वीज वाहून न्यायला लागलं की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, आणि तो गाळ जाऊन बसतो ब्लॉकमधल्या बारीक फटींत. त्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. तो म्हणाला, "सर, मेटल इज मेटल." मी म्हटलं, हे वाक्य मला लिहून पाठवा, पेपर तपासताना उपयोगी पडलं असतं. तर म्हणतो, "सर, अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, कुरिअरला परवडतं." आता यावर काय बोलणार? तीस वर्षं विद्युत-रासायनिक झीज फळ्यावर लिहिली आणि शेवटी हरलो कुरिअरच्या दरापुढे. माल परत घ्यायला तो तयार नव्हता. पुढे बरेच दिवस फोनाफोनी चालली, ती सगळी सांगत नाही. सचिवांनी घड्याळ दाखवलंय. तो रेडिएटर अजून आमच्या माळ्यावर आहे. कोणाला पाहिजे असेल तर फुकट देतो, अट एकच, ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचाच पाहिजे.

मागून एक प्रश्न आला: खोलीत कूलर लावला तर? चांगला प्रश्न आहे. आपला वाळ्याचा कूलर बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देतो, कारण तिथं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. मेची हवा कोरडी, त्यामुळे ४२ ची हवा तिशीच्या आसपास येते. रेडिएटरला ही हवा मिळाली तर सोनंच. मॉनिटरवर, बोर्डवर दव पडेल ही भीती काढून टाका. दव पडतं हवेपेक्षा गार वस्तूवर, आणि मशीनमध्ये गार काही नसतंच. पण झोत थेट केसवर, म्हणजे मशीनच्या पेटीवर, सोडू नका. सूक्ष्म तुषार उडतात, आपलं पाणी जड, त्यातले क्षार रेडिएटरच्या पात्यांवर पांढरे होऊन बसतात. आणि जूनमध्ये ढग आले की कूलर नुसती दमट हवा फेकतो, तो हिशेबात धरायचा नाही.

मग कोणी हुशार म्हणेल, लूपमधलंच पाणी उडवू या की. केलंय लोकांनी. पीव्हीसीचा उभा पाइप, वरून शॉवर, खालून पंखा. हौशी मंडळी त्याला बाँग कूलर म्हणायची. पाणी खरोखर खोलीपेक्षा गार होतं. हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर औष्णिक केंद्रात चालतो. इथं सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, त्यांच्यासाठी उजनीचं पाणी येतं, ते काही वाफेच्या बॉयलरमध्येच सगळं खपत नाही. बरंचसं गारवा करण्यात उडून जातं. आपलं ७०० वॉटचं मशीन अशा पद्धतीने तासाला साधारण लिटरभर पाणी उडवेल. पाणी गेलं तरी क्षार मागेच राहतात, ते ब्लॉकमध्ये. शिवाय आक्का आहेच.

आणि पाण्याने संगणक गार करणं हे गेमर पोरांचं खूळ नव्हे बरं. आयबीएमची १९६० च्या दशकातली मोठी यंत्रं पाण्यावर चालायची, म्हणजे पाण्याने गार व्हायची. १९८५ च्या क्रे-२ महासंगणकात तर सर्किटंच फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेली होती, त्या यंत्राचं टोपणनाव 'बबल्स'. त्याची गंमत अशी की...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे, क्रे राहू दे. नियोजन.

सुरुवात रेडिएटरपासून करायची, ब्लॉकपासून नाही. वॉट मोजा. कोअर आय९-१४९००के प्रोसेसर जोरात असताना २५३ वॉट, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डाचे ४५०, म्हणजे ७०० धरा. पाणी हवेपेक्षा १० अंशांनी गरम चालणार असेल, तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर मध्यम वेगात साधारण १०० वॉट बाहेर टाकतो. तापमानातलं हे अंतर दुप्पट केलं तर उष्णताही दुप्पट जाते. आता बघा. पाणी ५० च्या वर जाऊ द्यायचं नाही. डी५ नमुन्याच्या पंपाची मर्यादाच ६० अंश आहे आणि पेटजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्याच सुमारास नरम पडायला लागतात. तीस अंशांच्या एसी खोलीत २० अंशांचं अंतर मिळतं, तिथं साडेतीन पंख्यांची जागा लागते, म्हणजे चार पंख्यांचा एक ४८० रेडिएटर भागवतो. आपल्या चाळिशीच्या खोलीत अंतर उरतं १० चं, म्हणून सात पंख्यांची जागा, म्हणजे तीन-तीन पंख्यांचे दोन ३६० आणि वर आणखी एक १२०. तेच मशीन, जवळपास दुप्पट रेडिएटर. माझं सगळं भाषण एवढ्यासाठी होतं.

मग केस निवडा, उलटं नाही. ३० मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ चा पंखा म्हणजे ५५ गेले. वर मदरबोर्डला अडतं का ते पट्टीने मोजा. पात्या विरळ असलेला रेडिएटर घ्या. धूळ कमी अडकते आणि पंखा सावकाश फिरला तरी चालतं. यंत्रमागाच्या शेडजवळ राहत असाल तर कापसाची तूस पात्यांत अशी गच्च बसते की बोलू नका. पुढे जाळी लावा, धुता येईल अशी. ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक नुसत्या '४०९०' वर मागवू नका, तुमच्या कंपनीच्या बोर्डाचा नेमका नमुना जुळवा.

लूपमध्ये आधी काय, नंतर काय यावर पोरं भांडतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरलं तर ७०० वॉटनी ते सगळं मिळून अडीच अंश तापतं. त्यामुळे क्रम कसाही ठेवा. फक्त टाकी पंपाच्या लगेच आधी आणि वर, पंपाला हवा मिळता कामा नये. नळी पहिल्या वेळी कडक नको, काळी ईपीडीएम रबराची घ्या. पारदर्शक पीव्हीसीतलं रसायन उष्णतेने सुटतं आणि ब्लॉक गढूळ करतं, आपल्याकडे जास्तच. फिटिंग सगळी जी १/४ मापाच्या आट्यांची. तांबं, पितळ, निकेल चालेल. अ‍ॅल्युमिनियम कुठेही नको, ते झालं सांगून.

पाणी आरओचं नाही. त्यात क्षार उरतातच. डिस्टिल्ड आणा, त्यात शेवाळरोधक आणि गंजरोधक, नाहीतर तयार कूलंट. भरल्यावर मशीन लगेच चालू करायचं नाही. बोर्डाच्या, कार्डाच्या वायरी काढून ठेवा, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडणीत हिरवी आणि कुठलीही काळी तार जोडा, फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, रात्रभर. ओला दिसला तर आवळा आणि परत पहिल्यापासून. सगळ्यात खालच्या जागी एक झडप ठेवा. ती नसेल तर पुढच्या वर्षी पाणी काढायला अख्खं मशीन बादलीवर आडवं करावं लागतं.

सचिव उभे राहिलेत, म्हणजे मी बसायला हवं. तांब्याचा ३६० आणि पंप बाहेर टेबलावर ठेवलाय, हात लावून बघा. पंप मात्र कोरडा चालवू नका, बेअरिंग जाईल, आणि तो भाच्याचा आहे.