सही फक्त तिची

श्रोतेहो, नमस्कार.

गर्भपातासाठी दवाखान्यात एक संमतीपत्र भरून घेतात. त्याला 'फॉर्म सी' म्हणतात. त्यावर बाईचं नाव, वय, पत्ता आणि खाली तिची सही. तिचं वय अठराच्या आत असेल, किंवा ती मनोरुग्ण असेल, तरच पालकाची सही लागते. नवऱ्याच्या संमतीसाठी त्यावर रकाना नाही, आणि १९७१चा गर्भपाताचा कायदा झाला तेव्हापासून तो नाहीच.

तरीही आपण काय ऐकतो? "मिस्टरांना घेऊन या, सही लागेल." "सासूबाईंना माहीत आहे का?" आणि मुलगी अविवाहित असली तर, "आईवडिलांना बोलवा, मग बघू." पाळी चुकल्यापासून जीव मुठीत धरून बसलेली बाई हे ऐकून घरी परतते. मला या सगळ्या प्रकाराची चीड येते, कारण त्या दिवशी तिला अडवणारा कायदा नसतो. अडवते ती सवय.

ही सवय आली कुठून? १८६०च्या दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हाच होता, आणि गर्भ पाडून घेणारी बाईसुद्धा त्यात आरोपी होती. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. म्हणून १९६४ साली केंद्र सरकारने शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ते तेव्हा आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्या अहवालातून १९७१चा कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ला लागू झाला. पण त्याची भाषा नीट वाचा. अमुक परिस्थितीत गर्भपात केला तर डॉक्टर दोषी ठरणार नाही, असं तो म्हणतो. बाईला हक्क आहे असं तो म्हणत नाही. तिने मागायचं आणि डॉक्टरांनी ठरवायचं, ही घडी तेव्हा बसली ती आजही मोडलेली नाही.

त्यात वीस आठवड्यांची मर्यादा. २००८ साली मुंबईतलं एक दांपत्य स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासोबत मुंबई उच्च न्यायालयात गेलं. चोविसाव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला होता. न्यायालयाने परवानगी नाकारली. कायदा बदलायला त्यानंतर तेरा वर्षं लागली, आणि त्या काळात कितीतरी बायका पोट वाढत असताना कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. आता २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित अशा ठरावीक स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोविसापर्यंत मुभा आहे. गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही.

२०१६ साली एका गरोदर कच्च्या कैदी बाईच्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती ताहिलरामानी आणि न्यायमूर्ती भाटकर यांनी सांगितलं की आपल्या शरीराचा आणि मातृत्वाचा निर्णय बाईचा एकटीचा आहे, मग ती विवाहित असो, अविवाहित असो की तुरुंगात असो.

आणि २०२२. पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी, जोडीदार सोडून गेलेला. दिल्ली उच्च न्यायालयाने तिला नकार दिला, कारण विधवा आणि घटस्फोटितांना चोविसापर्यंत असलेली सवलत अविवाहित मुलीला लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये तिला अंतरिम दिलासा दिला, आणि २९ सप्टेंबरला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हा भेद मोडून काढला. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच धरायची, हेही त्याच निकालात आहे. डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत, नवऱ्याची वा घरच्यांची संमती मागू नये, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

इथे कुणी विचारेल, मग मुलींच्या गर्भांचं काय? विचारायलाच हवं. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ला आला, आणि तरी २०१७ साली मिरज तालुक्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो. पण गुन्हा लिंग तपासण्याचा आणि त्यावरून मुलगी नाकारण्याचा आहे. त्याची भीती सरसकट गर्भपातावर बसली की डॉक्टर बाईला परत पाठवतात, मेडिकलवाले गोळ्या ठेवणं टाळतात, आणि ती बाई जाते भोंदू इसमाकडे.

आठवडे मात्र कुणासाठी थांबत नाहीत. एप्रिल २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २२ तारखेला ती दिली, तेव्हा तिसावा आठवडा आला होता. आता मुलीच्याच जिवाला धोका होईल या काळजीने आईवडील मागे फिरले, आणि आठवड्याभरात न्यायालयाला तो आदेश परत घ्यावा लागला. दिवस गेल्याचं कळायलाच उशीर झालेल्या पोरीला एवढ्या पायऱ्या चढायला लावणं मला क्रूर वाटतं.

मैत्रिणींनो, तुमच्यावर किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणावर ही वेळ आली तर थांबू नका. सरकारमान्य केंद्रातच जा. तिथे भरलेलं संमतीपत्र पाकिटात सीलबंद करून त्यावर 'गोपनीय' लिहायचं, असा नियम आहे. तुमचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. नवऱ्याची सही मागितली तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. आणि वकील लागलाच, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला तो मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन क्रमांक आहे १५१००.