आधी वस्तू, मग क्रिया: रुबीची तोंडओळख

रुबी ही संगणकाला आज्ञा देण्याची, म्हणजे प्रोग्रॅमिंगची, भाषा आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत, 'आयआरबी' (irb) ही तीन रोमन अक्षरे लिहून एंटर दाबले की रुबीच्या ओळी लिहून पाहण्याची जागा उघडते, आणि येथे लिहिलेल्या प्रत्येक ओळीचे उत्तर लगेच तिच्याखाली उमटते. फाइल तयार करण्याच्या खटपटीत पडण्यापूर्वी नवशिक्याने सुरुवातीचे काही दिवस येथेच घालवावेत, कारण येथे चूक करणे स्वस्त असते.

जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ मध्ये या भाषेचे काम हाती घेतले आणि डिसेंबर १९९५ मध्ये तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती प्रसिद्ध केली. पर्ल या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नावात मोती ऐकू येतो. त्याच्या जोडीला रुबी, म्हणजे माणिक, हे नाव आले.

पहिली आज्ञा 'पुट्स'. तिच्यापुढे अवतरणचिन्हांत मजकूर लिहिला की तो छापला जातो आणि पुढचा मजकूर नव्या ओळीवर जातो. 'प्रिंट' मात्र त्याच ओळीवर थांबते. ओळीच्या शेवटी अर्धविराम देण्याची सक्ती नाही, आणि चलाला, म्हणजे माहिती साठवण्याच्या जागेला, नाव देताना त्यात संख्या येणार की मजकूर, हेही आधी जाहीर करावे लागत नाही. चलाचे नाव देवनागरीत 'वय' असे ठेवले तरी रुबी ते स्वीकारते.

या भाषेचे मर्म एका टिंबात आहे. रुबीत संख्यासुद्धा वस्तू मानली जाते, आणि आधी वस्तू, मग टिंब, मग तिने करायची क्रिया, असा वाक्याचा क्रम असतो. पाच, टिंब, 'टाइम्स' असे लिहिले की पुढचे काम पाच वेळा होते. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठी माणसाला हा क्रम परका वाटू नये. आपणही 'पाच वेळा' असेच म्हणतो. ते काम 'डू' आणि 'एंड' या दोन शब्दांच्या मध्ये लिहायचे असते. 'एंड' विसरला, तर रुबी बरेचदा फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर बोट ठेवते, त्यामुळे खरी चूक वर कोठेतरी आहे हे शिकणाऱ्याच्या उशिरा लक्षात येते.

अट घालण्यासाठी 'इफ' आहे, आणि 'वय अठरा किंवा अधिक असेल तर हे छाप' अशी अट आज्ञेच्या मागेही जोडता येते. सी भाषा शिकून आलेले येथे हमखास फसतात, कारण रुबीच्या लेखी केवळ 'फॉल्स' आणि 'निल' (काहीच नाही) खोटे आहेत. सीमध्ये खोटे मानले जाणारे शून्य येथे खरे ठरते. सातला दोनने भागल्यास उत्तर साडेतीन नव्हे, तर तीन येते, कारण दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तरही पूर्णांकच मिळते.

कळफलकावरून माहिती घेण्यासाठी 'गेट्स' वापरतात. लिहिलेल्या माहितीबरोबर एंटरची खूणही येते, ती 'चॉम्प' काढून टाकते. आलेले वय मात्र मजकूरच असते. त्याची संख्या करायला 'टू आय' (to_i) लागते. वापरणाऱ्याने मराठी कळफलकावरून देवनागरी २० लिहिले, तर 'टू आय' काहीही तक्रार न करता शून्य परत देते, आणि अशी मुकी चूक शोधणे सर्वांत जिकिरीचे असते.

'नमस्कार' या शब्दाला 'लेंग्थ' विचारली तर उत्तर सात येते, कारण हलन्त आणि काना यांचीही स्वतंत्र मोजणी होते. त्यालाच 'रिव्हर्स' सांगितले, तर पडद्यावर 'राक्समन' असा अजब शब्द उमटतो. त्यामुळे देवनागरी मजकूर उलटायचा असेल, तर आधी 'ग्राफीम क्लस्टर्स' (grapheme_clusters) वापरून अक्षर आणि त्याची चिन्हे एकत्र राहतील असे त्याचे तुकडे करावेत, मग ते उलटावेत आणि 'जॉइन'ने पुन्हा जोडावेत.