उतारावरचं समाजमंदिर

नमस्कार श्रोतेहो. कोकणात गावाला समाजमंदिर मंजूर झालं की आधी जेसीबी येतो आणि जागा सपाट करून जातो. नकाशा मागाहून येतो, तोही बहुधा सपाट जमिनीसाठी काढलेला. घोळ होतो तो इथेच. आधी उतार, पाणी आणि वारा कागदावर उतरवायला हवेत, इमारत त्यानंतर.

उतार मोजायला १५ मीटरची पारदर्शक नळी, पाणी आणि दोन माणसं पुरतात. नळीची टोकं दोन जागी उभी धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं. तिथून जमिनीपर्यंतची दोन मापं घ्यायची. त्यांतला फरक म्हणजे चढउतार. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतंय ना, ते बघायचं. सारख्या पातळीच्या खुंट्यांना दोरी बांधत गेलात की जागेचा आकार डोळ्यांना दिसतो. पाणी कुठून वाहतं हे मात्र जुलैतच जाऊन बघा. मे महिन्यात प्रत्येक जागा चांगलीच दिसते.

समजा, उतार दहास एक आहे, म्हणजे दहा मीटरला एक मीटर, आणि सभागृह १२ बाय ८ मीटरचं. जमिनीवर दीडशे माणसं बसायला एवढं पुरतं. लांब बाजू उताराला आडवी ठेवली तर मागच्या-पुढच्या जमिनीत ८० सेंटिमीटरचा फरक पडतो. उताराच्या दिशेने ठेवली तर १.२ मीटरचा. जेवढा फरक जास्त, तेवढा भराव जास्त. अर्धा पाया कातळावर आणि अर्धा भरावावर आला, की भराव खचतो आणि भिंतीला तडा जातो तो नेमका सांध्यावर. भराव फक्त फरशीखाली चालेल. पाया सगळीकडे मूळ जमिनीतच न्यायचा.

आपल्याकडे जमीन बहुधा पश्चिमेला उतरते, आणि पावसाची झडही तिकडूनच येते. त्या बाजूला अडीच मीटर रुंद पडवी द्या. पण इथे एक हिशेब हमखास चुकतो. कौलांना ३० अंशांचा उतार हवा. तो फार कमी केला तर वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली शिरतं. भिंतीपासून पडवी अडीच मीटर आणि पुढे वळचण पाऊण मीटर, म्हणजे सव्वातीन मीटरमध्ये छप्पर जवळजवळ १.९ मीटर खाली येतं. भिंत ३.३ मीटरची असेल तर वळचण छातीशी येते आणि माणसं वाकून आत जातात. भिंत ४ मीटरची धरा.

पडव्या आणि वळचणी धरून छप्पर २०० चौरस मीटर जमीन झाकतं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून तासाभरात १०,००० लिटर पाणी उतरतं. पन्हळी पानांनी तुंबतात, त्यापेक्षा पागोळ्या सरळ खाली पडू द्याव्यात. खाली ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चर खणून दगडगोट्यांनी भरायचा आणि त्याला वहाळाकडे उतार द्यायचा. नाहीतर उडणारं पाणी भिंत वर्षभर हिरवी ठेवतं. डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला वरच्या अंगाला वेगळं गटार हवं, तेही जोत्यापासून दोन मीटर तरी दूर.

वरच्या अंगाचं अंगण एका पातळीत कापू नका. दर चार मीटरला ४० सेंटिमीटरची पायरी दिली, की उतार न मोडता बसायचे कट्टे मिळतात. दशावताराला किंवा नमनाला याहून बरी बैठक नाही. प्रत्येक टप्प्याचं पाणी मात्र बाजूला काढायचं, सभागृहाकडे नाही. जुना आंबा किंवा वड असेल तर त्याच्या फांद्यांखाली खोदकाम नको आणि बुंध्याभोवती मातीची भरही नको, मुळं गुदमरतात. माड मात्र छपरापासून लांबच बरा, एक नारळ दोन-चार कौलं फोडतो.

चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, खाणीतून आणल्यावर काही महिने उघड्यावर ठेवावा, तो हवेत घट्ट होतो. पोटात मातीचे खिसे असलेले चिरे बाजूला काढा. बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते; नुसत्या दरजा भराव्यात. कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. उतारामुळे छप्पर भरतं २३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३,५००. वर दोनशे जास्तीची एकाच लॉटमधून घेऊन ठेवा. दुसऱ्या साच्याचं कौल शेजारच्या कौलात नीट बसत नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते.